चाबीवाल्याची चाल

तुमचं-माझं काळीज मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा वाजतं. माझं त्या वर्षी शंभरीच्या पुढे होतं. आणि समोर समोसा आला की ते कितीवर जायचं, हे मोजायची कुणाची छाती नव्हती. सुखदेव मून यांचं मात्र एकेचाळीस वेळा वाजायचं. एक ठोका पडला की दुसरा पडायच्या आत माणसानं चहा गाळावा, कपात ओतावा, बशी धुंडाळून आणावी, एवढी मधे सवड. मी थोडं वाढवून सांगतोय, कबूल. पण थोडंच. एकेचाळीस खरे आहेत, बशी तेवढी माझी.

हे सगळं वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे नावाच्या गावात घडलं. माझी तिथे पोस्टात बदली झाली होती. कापसाच्या दिवसांत सिंदीच्या हवेत रुई तरंगत असते, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातून सुटलेली. सकाळी धुकं कुठं संपतं आणि रुई कुठं सुरू होते, ते देवालाही सांगता यायचं नाही. एकदा मी धुकं समजून मोठा श्वास घेतला, तर दुपारपर्यंत माझ्या नाकातून उशीभर कापूस निघाला. अशा त्या पांढऱ्या हवेतून, फाटकाच्या बाजूनं, एक माणूस चालत यायचा. आधी पावलं ऐकू यायची. मग नारिंगी जाकीट दिसायचं. आणि बऱ्याच वेळानं ध्यानात यायचं की जाकिटाच्या आत माणूसही आहे.

रेल्वेत चाबीवाला म्हणून एक असतो. रूळ ज्या चाव्यांनी जागच्या जागी आवळलेले असतात, त्या गाड्यांच्या धडधडीनं सैल होतात. त्या बघत, ठोकत, आवळत रोज ठरलेल्या पट्ट्यात पायी फिरायचं, हे त्याचं काम. मूनकाकाजींनी ते एकतीस वर्षं केलं. सकाळी जायचं, दुपारी यायचं. मी हिशेब केला होता, एकतीस वर्षांच्या तेवढ्या पायपिटीत माणूस चंद्रावर जाऊन, तिथल्या चाव्या आवळून, परतीला लागला असता. आडनावच मून, तर लोकांनी हा विनोद माझ्याआधी शंभरदा केलेला होता. ते हसायचे नाहीत. रागावायचेही नाहीत. "हं," म्हणायचे आणि चालायला लागायचे.

एकतीस वर्षं रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून चालल्यामुळे त्यांचं पाऊल स्लीपरच्या मापाचं झालं होतं. डांबरी रस्त्यावर तेवढंच, लग्नाच्या मांडवात तेवढंच, घरातही तेवढंच. त्यांच्या खाटेपासून चुलीपर्यंत सहा स्लीपर होते. निवृत्त होताना रेल्वेचा हातोडा परत द्यावा लागला, म्हणून लोहाराकडून एक छोटा हातोडा करून घेतला होता, आणि गावातली जी वस्तू दिसेल तिला ते एक टोला देऊन बघत. फाटकाचा खांब, सायकलीचं चाक, शाळेचा दरवाजा. टोला दिला की मान वाकडी करून ऐकायचे. ठण्ण वाजलं की पुढं. थप्प वाजलं की म्हणायचे, "ढिल्लं हाये." आमच्या पोस्टाच्या लाल पेटीला एकदा असाच टोला देऊन म्हणाले, "ढिल्लं हाये, बाबू." मी हसलो. तिसऱ्या दिवशी पेटी पत्रांसकट खाली आली आणि मी आठवडाभर लोकांच्या सासुरवाड्या एकमेकींपासून वेगळ्या करत बसलो.

पण बोलणं म्हणाल तर नाही. दिवसाला पंधरा-वीस शब्द, त्यातले निम्मे "हं". एकतीस वर्षं एकट्यानं चालल्यावर माणूस बोलणार कोणाशी? रुळाशी? रूळ ऐकून घेतो. पण तो परत काही बोलला, की समजायचं, गाडी आली.

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. शाळेत आरोग्य शिबिर होतं. फुकट आहे म्हटल्यावर मी गेलो. रांगेत माझ्यापुढे मूनकाकाजी. नर्सबाईंनी त्यांच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं. एकेचाळीस. तिनं यंत्र झटकलं. एकेचाळीस. सेल बदलले, दुसरं यंत्र आणलं, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. एकेचाळीस. मग तिनं नागपूरहून आलेल्या तरण्या डॉक्टरला हाक मारली.

"काका, चक्कर येते?"

"नाई."

"दम लागतो?"

"कायले?"

"छातीत दुखतं कधी?"

"नाई."

"मग काळीज एकदम मजबूत आहे तुमचं. आलात कशाला?"

मूनकाकाजींनी जाकिटाच्या आतून एक फाइल काढली. इतकी नीट ठेवलेली, की मला वाटलं रेल्वेचीच असेल. आणि मग ते बोलले. आठवडाभराचे शब्द त्यांनी एका दमात खर्चून टाकले.

"मी माह्यासाठी नाई आलो, साहेब. माही बायको घरी हाये. दोन वर्साआधी तिले अटॅक आला. वर्धेले नळी टाकली. डॉक्टर म्हणे, आता ठीक हाये, चालत जाजो. पण ते खाटेवरून उठत नाई. म्हणते, काळजाले धक्का लागन. आता तुमी म्हणता, माहं काळीज लय मजबूत हाये. मंग माह्याकडचं हे जास्तीचं तिले देता येते का?"

रांगेत कोणीतरी हसलं. डॉक्टर हसला नाही. त्यानं फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"देता येत नाही, काका," तो म्हणाला. "ज्याचं त्यानंच कमवावं लागतं. काळीज म्हणजे शेवटी मांसाचा गोळा. रोज थोडं थोडं काम दिलं की ते ताकद धरतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग त्याला घाई करावी लागत नाही. तुमचं असंच झालंय. काकूंना चालवा. आधी अंगणात, मग रस्त्यावर. बोलता बोलता चालता येईल एवढ्याच वेगानं. बोलणं तुटलं की समजायचं, जास्त झालं."

मग माझं बोट. एकशे चार. डॉक्टरनं माझ्या पोटाकडे बघितलं, मूनकाकाजींच्या पाठमोऱ्या जाकिटाकडे बघितलं, आणि म्हणाला, "तुम्ही यांच्या मागे जा."

मी गेलो. आजवर सरकारी माणसाचं ऐकलेलं हे एवढंच.

अनुसयाकाकू मी पहिल्यांदा बघितल्या त्या अंगणातल्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. गाव सांगायचं की पूर्वी ही बाई बोलायची. बोलायची म्हणजे काय, स्टेशनातला भोंगा बिघडला की प्रवासी तिच्या अंगणाकडे कान लावत. कोणती गाडी किती उशिरा, कोणाची सून त्यात बसली आणि का बसली, सगळं कळायचं. एकदा मालगाडीचा ड्रायव्हर म्हणे एका भांडणाचा शेवट ऐकायला सिग्नल हिरवा असून थांबला होता. नवरा मुका, बायको बोलकी. संसाराची दोन्ही चाकं बरोबर फिरत होती. आणि मग अटॅक. त्यानंतर काकू शब्दसुद्धा जपून वापरायला लागल्या. त्यांचं म्हणणं होतं, माणसाच्या वाट्याला ठोके मोजूनच येतात. "माहे अर्धे त्या दिवशीच सरले. उरले ते बसून वापरते." झालं. हे एकदा सांगितलं आणि भिंतीकडे वळल्या.

मूनकाकाजी रोज सकाळी म्हणायचे, "चाल."

काकू म्हणायच्या, "नाई."

दोन वर्षांत त्या घरात याच्यापेक्षा लांब संभाषण झालं नव्हतं. एवढा आवाज असलेलं घर असं बंद पडलं की त्याची शांतता बाहेर रस्त्यावर येते. त्या दारावरून जाताना माणसं आपोआप चपला हळू टाकत.

पहिल्या सकाळी मी त्यांच्या अंगणात उभा, पायात पोस्टाचे बूट. काकाजी म्हणाले, "बोला."

"काय बोलू?"

"काईई. पोस्टातलं."

"पोस्टातलं खरं काही सांगण्यासारखं नसतं, काकाजी."

"खोटं चालन."

खोटं चालेल! बायकोनं, साहेबानं, आईनं, कुणीच मला आयुष्यात हे वाक्य म्हटलं नव्हतं. मी सुरू झालो. आम्ही अंगणातून निघालो, कुंपण ओलांडलं, पांदणीच्या कच्च्या वाटेनं नाल्याच्या दिशेनं. ते चालणं आणि पळणं यांच्या मधल्या एका चालीनं, मी त्यांच्या बाजूनं लोंबकळत. माझं वाक्य तुटलं की ते हळू व्हायचे. वाक्य जुळलं की पुन्हा तीच चाल. घड्याळ नाही, शिट्टी नाही. माझं खोटं हेच त्यांचं यंत्र.

आमच्याकडे गोष्टीला गोठ म्हणतात. महिन्याभरात सिंदीत अंतर गोठींत मोजायला लागले. घरापासून फाटक, अर्धी गोठ. नाल्यावरचा पूल, एक गोठ. बाभळीचं बन, दीड. एका पाहुण्यानं चौकात विचारलं, जिनिंग किती दूर आहे, तर त्याला सांगितलं, "जवळच हाये. एका गोठीत पोचता." तो बिचारा खाली बसला आणि म्हणाला, "सांगा."

लोक वाढत गेले. जिनिंगचे दिवाणजी आले, त्यांच्या मनगटावर मुलानं पाठवलेलं घड्याळ, ते दर दोन मिनिटांनी थरथरून त्यांना जिवंत असल्याचं कळवायचं. पोलीस भरतीची पोरं आली. आणि प्रणाली आली. भरतीचे दोन प्रयत्न हुकलेली, वयाची अट डोक्यावर, जिभेला धार. ती आणि भरतीवाले पहिल्या दिवशी बंदुकीतून सुटल्यासारखे गेले. नाल्यावर आम्ही पोचलो तेव्हा सगळे गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले. मूनकाकाजी त्यांच्या मधून, वेग कमी नाही, जास्त नाही, निघून गेले. जाता जाता म्हणाले, "घाई गाडीले असते. रुळाले काय घाई?"

प्रणालीनं मागून येऊन त्यांना गाठलं. "काकाजी, असं गोगलगायीवानी पळून कोणी पोलीस होते का? चोर काय मांगं वळून गोठ आयकत थांबन?"

काकाजींनी विचार केला. चाळीस पावलं विचार केला. मग म्हणाले, "थांबन. गोठ चांगली असली तर."

त्यांनी कुणाला शिकवलं असं म्हणता येत नाही. ते फक्त ऐकायचे. पाठीमागे चौदा माणसं पळतायत, आणि हा माणूस न वळता म्हणायचा, "दिवाणजी, डावा पाय थप्प वाजून राह्यला." दिवाणजी बघायचे तर बूट झिजलेला. चार महिने त्यांनी कुणाला हळू चालीच्या पुढे जाऊ दिलं नाही. मग आठवड्यातून एक दिवस म्हणायचे, "आज मोकळे." त्या दिवशी प्रणाली अशी सुटायची की रुईचा एक लोट तिच्या मागे गावभर ओढला जायचा. पुढे भरतीच्या मैदानावर, शेवटच्या फेरीत, सगळ्या पोरींच्या छात्या भात्यासारख्या चालल्या असताना, हिनं बाजूच्या पोरीला म्हटलं, "ताई, तुह्या बुटाची नाडी सुटली." आणि पुढे गेली. आज ती वर्दीत आहे. हे मात्र मी वाढवलेलं नाही, पेढे मी स्वतः खाल्ले.

पण मी कुठं पोचलो? मला सांगायचं होतं बैलाचं.

दिवाळीनंतर मी एक लांबलचक गोठ लावली होती. सिंदीचा एक बैल, नाव सरदार. पोळ्याच्या दिवशी रंगवलेला, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ. मिरवणुकीच्या गर्दीत वाट चुकतो, फलाटावर येतो, आणि पॅसेंजर गाडीत चढतो. लोक त्याला इतका सजलेला बघून नवरदेव समजतात आणि बसायला जागा देतात. रोज थोडं थोडं सांगायचो. आणि मूनकाकाजींचा एक नवा नियम आला होता.

"गोठ अंगणातच लावत जाजो, बाबू. खाटेजवळ. रंगात आली का निघाचं. कुंपणापाशी थांबाचं नाई. बोलत बोलतच जाचं."

मला वाटलं, दमासाठी असेल. मी काय, गुणी विद्यार्थी. खाटेजवळ उभा राहून म्हणायचो, "...आणि तेवढ्यात टीसी आला! म्हणाला, तिकीट? सरदारनं त्याच्याकडे बघितलं, आणि हळूच..." आणि आम्ही निघायचो. पुढचं वाक्य कुंपणाबाहेर, त्याच्या पुढचं पांदणीत, त्याच्या पुढचं धुक्यात.

टीसीच्या दिवशी काकूंनी भिंतीकडची मान या बाजूला केली. आठवड्यानं त्या उठून बसलेल्या दिसल्या. मग एकदा पाय खाली. मग एके दिवशी बैल सेलूच्या स्टेशनात उतरायचं की नाही या विचारात पडला असताना, मी निघता निघता मागे बघितलं, तर काकू अंगणाच्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या. मी गोष्टकार माणूस, मला वाटलं, वा, गोठ रंगतेय. एवढंच.

पौषातली सकाळ होती. धुकं असं की स्वतःचे गुडघे आठवणीनंच वापरायचे. आम्ही कुंपण ओलांडलं, मी बैलाला वर्ध्याच्या फलाटावर उतरवत होतो, आणि मागून आवाज आला. चपलेचा. थप्प. मग बराच वेळ काही नाही. मग थप्प.

कुणी वळलं नाही. मूनकाकाजी वळले नाहीत. पण त्यांचं पाऊल, एकतीस वर्षांत मांडवात, मसणात कुठंही न बदललेलं ते पाऊल, लहान झालं. अर्ध्या स्लीपरचं. मग पाव. आमची चौदा जणांची पलटण धुक्यात अशी सरकत होती जशी ढगाची सावली शेतावरून सरकते, पायांना जमीन लागत नसल्यासारखी. मी एक एक शब्द लांबवून सांगत होतो. दिवाणजींचं घड्याळ थरथरलं, तर त्यांनी ते दुसऱ्या हातानं दाबून धरलं. चपला येत होत्या. निंबाच्या झाडापर्यंत आल्या. आणि तिथून, दोन वर्षं गंजलेला, तरी खणखणीत आवाज आला:

"खोटं!"

आम्ही थांबलो.

"साफ खोटं! सिंदीचा बैल वर्धेले काऊन उतरन? त्याचं कोण हाये तठी?"

"काकू, तो..."

"तो बी नाई अन् मी बी नाई. सेलूलेच उतरला असन. त्याची बहीण दिली हाये सेलूले."

"बैलाची बहीण?"

"गाय! त्या गोऱ्ह्याच्या मायची दुसरी वासरी. मले इचारा ना. तुमी पोस्टातले, तुमाले बैलातलं काय समजते?" त्यांनी छातीवर हात ठेवला, दोन श्वास घेतले, आणि पुढं म्हणाल्या, "अन् टीसीची गोठ बी चुकली. टीसी बैलाले तिकीट नाई इचारत, मालकाले इचारते. सांगाचं तर बराबर सांगा ना, मायबाई! रोज खाटेवर पडून आयकाव लागते अन् सगळं उलटं!"

प्रणाली तोंडात ओढणी कोंबून हसत होती. दिवाणजी रडत होते. आणि मूनकाकाजी? ते आमच्याकडे पाठ करून एका बाभळीला हातोड्यानं टोले देत होते, आणि मान वाकडी करून ऐकत होते. बाभळीला काय चावी असते?

त्या दिवशी काकूंना प्रणाली सावकाश घरी घेऊन गेली. नाल्याच्या पुलावर आम्ही दोघंच होतो. काकाजी कठड्याला धरून म्हणाले, "मले बोलता येत नाई, बाबू. येत असतं तर मीच नेलं असतं तिले."

मला तेव्हा कळलं. मी कठड्यावर बसलोच. "म्हणजे काकाजी, चार महिने... हे सगळं? दिवाणजी, भरतीवाले, मी? आम्ही चौदा जण उगाच पळत होतो?"

"उगाच कसे?" ते म्हणाले. "तुमचं कमी झालं ना?"

झालं होतं. एकशे चारावरून चौऱ्याऐंशीवर. माझा अभिमान मात्र त्या पुलावर पार शून्यावर आला. मी स्वतःला गोष्टकार समजत होतो. आणि या मुक्या माणसानं मला वासराच्या पुढे धरायच्या हिरव्या चाऱ्यासारखा वापरला होता.

मग काकूंचं सुरू झालं. निंबापर्यंत, पाव गोठ. फाटकापर्यंत, अर्धी. कधी दोन पावलं मागे. दम लागला की बसायच्या, बोलणं तुटलं की काकाजी आपोआप थांबायचे. "ठोक्यांचं काय, काकू?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "हे म्हणतात, चाललं का ठोके हळू पडतात. मंग वाचलेच ना? बसून उडवत होती मी." होळीपर्यंत त्या पुलापर्यंत आल्या. आणि सरदार बैल माझ्या हातून गेला. गोठ त्याच सांगायच्या. त्यांच्या गोठीत बैलाच्या सासरची माणसं निघाली, भावकी निघाली, दोन वाद निघाले. माझ्याहून त्या पट्टीच्या. मी निदान बशीपर्यंत थांबतो.

पाऊस सरताना वर्ध्याच्या एका दवाखान्यात काकूंची चालत्या पट्ट्यावरची तपासणी ठरली. काकाजींनी मला बरोबर घेतलं, डॉक्टरशी बोलायला कोणीतरी हवं म्हणून. तारा लावल्या. पट्टा चालवणारा माणूस भला होता. म्हणाला, "काकू, दम लागला की सांगा, लगेच थांबवतो."

काकू म्हणाल्या, "तसं नाई, भाऊ. बोलणं बंद झालं का थांबवजो. आमच्याकडं तसंच हाये." आणि पट्टा चालू झाला, तशा सुरू झाल्या, "आमच्या सिंदीले एक बैल होता..."

आता मला सांगा, त्या भल्या माणसानं काय करायचं? तो बोलणं बंद व्हायची वाट बघत राहिला. पट्टा जोरात झाला, चढाचा झाला. काकू घामानं भिजल्या, पण सरदार सेलूहून भुसावळपर्यंत पोचला. मोठे डॉक्टर दार उघडून आत आले. "अजून चालूच? केव्हाच पुरे झालं की!" पट्टेवाला वळला नाही. म्हणाला, "सर, एक मिनिट. बैलाला भुसावळला अडवलंय."

मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही कुठंही जाऊ शकता."

काकूंना कुठं जायचं ते ठरलेलंच होतं. दसऱ्याला नागपूर, दीक्षाभूमी. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. अटॅकनंतर सलग दोन दसरे चुकले होते, तिसरा खाटेवरच गेला होता. मोहल्ल्यातल्या सात-आठ बाया निघणार होत्या, पांढरी लुगडी इस्त्री होऊन आली होती.

"मी येतो ना," काकाजी म्हणाले.

"तुमी घरी राहा. तुमच्या संगं गेली का मले बोलाले कोणीच नसते. तिकडं चालाचं हाये दिवसभर, मी माह्या बायांसंगं चालीन."

काकाजी "हं" म्हणाले.

त्याच गाडीनं मी सिंदी सोडणार होतो. बदली पुन्हा झाली होती. तर मी माझी ट्रंक घेऊन, बाया पिशव्या घेऊन, आणि काकाजी काकूंची पिशवी घेऊन, आम्ही स्टेशनात आलो. पलीकडच्या फलाटावर जायला उंच पूल. काकू चढल्या. मधल्या टप्प्यावर थांबल्या, तसे काकाजी दोन पायऱ्या एकदम वर आले. पण काकू दम लागून थांबल्या नव्हत्या. तिथून एका घराच्या छतावरचे कपडे दिसत होते आणि त्याबद्दल त्यांना बायांना काहीतरी सांगायचं होतं. सांगून झालं, आणि उरलेल्या पायऱ्या चढून गेल्या. काकाजी मागे. मी त्यांच्याही मागे, ट्रंकेसकट, आणि मी बोलू शकत नव्हतो.

गाडी आली. बाया बसल्या, काकूंनी खिडकी धरली. मी दारात. काकाजी खाली, खिडकीसमोर, हात जाकिटाच्या खिशात.

"येजो बराबर," ते म्हणाले.

"तुमी जेवजो बराबर."

गाडी हलली. आणि गाडी हलल्याबरोबर काकूंना सगळं आठवलं. "आयकलं का! तुरीची दाळ मोठ्या झाकणाच्या डब्यात हाये!" काकाजी खिडकीबरोबर चालायला लागले. "दूध उतू जाऊ देऊ नोका! शेजारच्या मंगलाले चावी देऊ नोका, ते डबे उघडते!" गाडीनं वेग धरला. काकाजी पळायला लागले. "अन् पाणी तापवून घेजो, गार पाण्यानं आंग धुवाचं नाई आता!"

मी या माणसाला वर्षभर रोज पळताना बघितलं होतं. पण ते पळणं म्हणजे झोपेत कूस बदलणं. हे काही वेगळंच होतं. कोपरं बाहेर आली, तोंड उघडलं, जाकीट पंखासारखं मागे उडालं. एक पाऊल लांब, एक आखूड, कशाचं माप कशाला नाही. फलाट संपला. ते उतारावरून खाली आले आणि रुळांच्या बाजूच्या पायवाटेवर, तुरीच्या पिवळ्या सकाळीतून, पळतच राहिले.

"अन् हो!" काकू ओरडल्या. "मेन तर सांगाचं राह्यलंच! त्या लाकडी पेटीत..."

पुढचं ऐकू आलं नाही. काकूंचे ओठ हलत होते, आणि काकाजी पळता पळता कानामागे हात धरून होते. लोक सांगतात ते बोरखेडीपर्यंत पळाले. काही म्हणतात बुटीबोरीपर्यंत, आणि नंतर चालत परत आले. मी तसं म्हणणार नाही. मला दिसत होतं तोवर पळत होते, एवढं मी शपथेवर सांगतो. आधी माणूस दिसेनासा झाला, मग नुसतं एक नारिंगी काहीतरी, तुरीच्या शेतावर तरंगणारं.

मी आत येऊन विचारलं, "काकू, त्या पेटीत काय आहे?"

"काई नाई."

"मग एवढं बोलत काय होतात?"

"बोलत कुठी होती?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "नुसते ओठ हालवले. चांगले पळून राह्यले होते. म्हटलं, पळू द्या."

आणि त्यांनी पुन्हा खिडकीतून तोंड बाहेर काढलं, आणि ओठ हलवायला लागल्या.